ही वळणार कशी?

उल्हासनगरला प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंग बोर्डवर आम्ही दोघे असू. दुसरा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि कामात माझ्यापेक्षा सरस. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या सिंधी शेठनी कॉम्प्युटर घेतला, पण एकच. त्यावर वस्तू त्रिमितीत उभी करता येई, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येई. शेठ म्हणाले, दोघांनी क्लास लावा, एकेक मोटारगाडी करून दाखवा, मग त्या खुर्चीवर कोण बसणार ते ठरवू. गाडी अर्धी झाली की एकदा दाखवायची, ही अट. ड्रॉइंग बोर्ड पुढे किती दिवस राहतील हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

वडील त्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. घर माझ्या पगारावर चालणार हे गृहीत होतं.

आम्ही बदलापूरला राहायचो. खरवईच्या बाजूला एका ओळखीच्यांकडे मोटार होती. टेप घेऊन मी तिची मापं काढली. लांबी, रुंदी, दोन चाकांमधलं अंतर, काचेचा उतार, सगळं मिलिमीटरमध्ये. फक्त एका ठिकाणी मी माप सोडलं. चाकाभोवती मडगार्डची जी कमान असते, तिच्यात आणि टायरमध्ये बरीच पोकळी होती. पडद्यावर ती रिकामी रिकामी दिसायची. मी कमान टायरला अगदी लगटून घेतली. गाडी भरीव दिसायला लागली.

क्लास अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर होता. गाडीचं खालचं अंग, बॉनेट आणि मडगार्ड झाल्यावर मी सरांना दाखवली. छप्पर आणि डिकी व्हायची होती. सरांनी दोनदा फिरवून बघितली आणि म्हणाले, चालेल. या शब्दाने माझं समाधान झालं नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये माप थोडं चुकलेल्या पण परत करायचा कंटाळा आलेल्या तुकड्याला ‘चालेल’ म्हणत. बरोबर असलेल्या तुकड्याबद्दल कोणी काही बोलतच नसे.

म्हणून प्रिंट काढून घरी नेली. आईने विचारलं, हिला छप्पर नाही का. वडिलांनी बघून ताईकडे दिली. ताई बँकेत होती आणि त्या महिन्यात मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकत होती. घरात गाडी नव्हती, येण्याची शक्यताही नव्हती, तरी शिकत होती.

“छपराचं राहू दे,” ती म्हणाली. “ही वळणार कशी?”

“वळणार कशी म्हणजे?”

“चाकाला जागा कुठे ठेवलीस? आमच्या स्कूलच्या गाडीत चाक आणि पत्रा यांच्यामध्ये माझी मूठ जाते. ही काय, कल्याणपर्यंत सरळच नेणार आहेस?”

जिला रिव्हर्स जमत नाही तिने मला शिकवू नये, असं मी म्हणालो.

“रिव्हर्स जमत नाही म्हणूनच सांगते. स्टीअरिंग फिरवून फिरवून माझे दंड भरून आलेत. तुला काय, बसल्या जागी गाडी.”

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पुढचं चाक तीस अंशांत फिरवून बघितलं. टायरची कड अर्धा इंच पत्र्यात घुसत होती. कमान मोठी करायला गेलो तर मडगार्ड गेलं, मडगार्डवर बेतलेलं बॉनेट गेलं. तेव्हाच्या त्या प्रोग्रॅममध्ये एक रेघ हलवली की तिच्यावर उभं केलेलं सगळं कोसळायचं. पुढचा भाग मी पहिल्यापासून उभा केला. या वेळी प्रत्येक तुकडा सुटा ठेवला, म्हणजे पुन्हा एक बदलला तर बाकीचे जागेवर राहतील. एवढ्यात दाखवायचा दिवस आला. छप्पर अजून नव्हतंच, त्यात चाकांभोवती आता मोठी भोकं दिसत होती.

दुसऱ्या ड्राफ्ट्समनची गाडी माझ्यापेक्षा देखणी होती, हे सांगायला हवं. छप्परसुद्धा झालं होतं. शेठनी ती बघून मान हलवली. मग माझी बघितली.

“ये गड्ढा कशाला केला?”

वळताना चाक घासत होतं, असं मी सांगितलं.

“अरे बाबा, खिलोना आहे. त्याची चाकं कुठे वळतात? एक सळई, दोन चाकं, बस.”

गाडी खेळण्याच्या साच्यासाठी आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसरा हसला. मीही हसलो, पण खुर्ची गेली असं मनात धरून.

शेठ हसले नाहीत. खेळण्याचं खोकं लहान आहे, त्यांनी दोघांना सांगितलं, बॉनेट थोडं आखूड पाहिजे, आणि माझे गड्ढे बंद. कधी देता? दुसरा म्हणाला, बॉनेट हलवलं तर सगळी गाडी नव्याने करावी लागेल. ते खरंच होतं. माझी एकदा कोसळून झाली होती, आता तुकडे सुटे होते. मी म्हणालो, उद्या.

“पार्टी दर वेळी काहीतरी बदलणारच,” शेठ त्याच्याकडे बघून म्हणाले. रागावून नव्हे, समजावल्यासारखं.

घरी सांगितल्यावर ताई थोडी नाराजच झाली. म्हणाली, “म्हणजे मी सांगितलं ते चूक, आणि खुर्ची तुला. पेढे मलाच आण.” मी आणले.

खुर्चीवर बसून पहिलं काम केलं ते भोकं बुजवण्याचं. चाकं पुन्हा पत्र्याला लगटली, आणि गाडी तशीच चांगली दिसत होती. दुसरा ड्राफ्ट्समन मागे उभा राहून बघत होता. शिकव असं तो म्हणाला नसता. मी पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. थोड्या वेळाने तो बसला आणि बॉनेट सुटं कसं ठेवलं ते विचारलं.