वन्स मोअर म्हटलं की तो पुन्हा मरायचा

सुधाकरभाऊ मेला. यावेळी खरोखर.

आज सकाळी, दिग्रसच्या बसस्टँडवर. हातात चहा होता म्हणे. अटॅक.
फोन आला तं मी म्हटलं, मस्करी करून राह्यला काय बे?


ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम अन् दिवाळीनंतर गावच्या नाटकात मरणं, हे त्याचं ठरलेलं. मी डॉक्टर. नाडी पाहून मान हलवायची, एवढाच माझा रोल.

अन् काय ते मरणं! छातीवर कुंकवाचं पाणी, अर्धी मिशी सुटलेली. डोकं आईच्या मांडीवर. आई म्हणजे आमचा एसटी कंडक्टर गजानन, लुगडं नेसून.

तरी बाया पदर तोंडात घालून रडायच्या.
मग मागून आरोळी यायची, वन्स मोअर! सुधाकरभाऊ उठायचा, मिशी चिकटवायचा, पुन्हा मरायचा. बाया पुन्हा तेवढ्याच रडायच्या.

सगळ्यात पुढे माझी बेबीकाकू.

कापसाच्या एका वाईट वर्षी माझ्या काकानं जीव दिला. अंगणात पंचनामा, पुढारी, कॅमेरे. जो येईल तो विचारे, कसं झालं? काकू सगळ्यांना उत्तरं देत राहिली. रडली नाही.

त्याच वर्षी नाटकात मात्र हंबरडा फोडला तिनं. मला रागच आला. म्हटलं, काकू, कुंकू हाय ते. मिशी लटकून राह्यली त्याची.

"मले दिसत नाही काय? खोटं हाय म्हणून तं रडता येते. तो उठते न, राजा."

आज दुपारी त्याला घरी आणलं. मी उशाशी उभा होतो. सवयीनं हात नाडीवर गेला. लाज वाटली, काढून घेतला.

काकू आली. नाटकात बसायची तशीच सगळ्यांच्या पुढे बसली. बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली,

"वन्स मोअर."

कोणी हसलं नाही. खरं सांगतो, आम्ही सगळे थांबलो.

नाही उठला.

तेव्हा काकू रडली. काकाचं नाव घेऊन रडली. जन्मभर ज्याला 'अवो' म्हणाली, त्याचं नाव सगळ्या गावासमोर घेत होती. गजाननच तिला धरून बसला होता, आज पँट-शर्टात.

सुधाकरभाऊ, टाळ्या राहूनच गेल्या बापा.
जाय आता. मिशी राहू दे.