खालून वाचायची सवय

आमच्या घरात पत्रक वरून कुणी वाचत नसे. कागद हातात आला की नजर आधी तळाला जायची. काढणाऱ्याचं नाव काय, गाव कुठलं, छापलं कुठं. ते असलं तरच मथळ्याकडं बघायचं. ही शिस्त आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते दिवसभर फौंड्रीत कामाला असत आणि सुट्टीला कंग्राळीच्या शेतात. उरलेला सगळा वेळ पत्रकांचा. मराठी शाळेचं गळकं छप्पर, मराठीतून कागदपत्रं मिळण्याची मागणी, बंद झालेली बस, कशावरही ते पत्रक काढत. सीमाभागात, कर्नाटकातल्या अनगोळच्या आमच्या घरात तांदळाच्या पोत्यांशेजारी त्यांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. 'निषेध' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता यायचा.

निनावी पत्रक दारातून आत आलं तर आप्पा ते चुलीतसुद्धा घालू देत नसत. म्हणायचे, "भाकरीला वास लागंल." आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "ज्याला आपलं नाव लिवायला भ्या वाटतंय, त्यानं दुसऱ्याला जागं करू ने."

एकदा त्यांच्या एका पत्रकावरून पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. दुपारी परत आले तेव्हा आईनं विचारलं, "नाव घातलं नसतं तर काय बिघडलं असतं?" आप्पा चपला काढत म्हणाले, "दुसऱ्याच कुणाला तरी उचललं असतं की." मला त्या दिवशी माझ्या बापाचा जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

आता काळ पत्रकांचा नाही. लोक मोबाइलला विचारतात. आणि मोबाइल जे दाखवतो, त्याच्या तळाला कुणी बघत नाही.

जांबोटीच्या माझ्या मामानंही बघितलं नव्हतं. त्याची गाय विताना अडली होती. बस यायला अवकाश आणि डॉक्टर लांब, म्हणून त्यानं मोबाइलशी मराठीत बोलून विचारलं, गाय अडली तर काय करायचं. पहिल्याच पानावर सुरुवात होती, "तर मित्रांनो, आजच्या लेखात आपण पाहणार आहोत." खाली गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी असल्याची माहिती, मध्ये चार जाहिराती आणि शेवटी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर. मामानं फोन लावला. पलीकडच्या मुलीनं आदरानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुमचं गाव आमच्या राज्यात येत नाही. नंबर महाराष्ट्राचा होता, जांबोटी कर्नाटकात. पानावर राज्याचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, लिहिणारा कोण त्याचा पत्ता नव्हता. शेजाऱ्याच्या जीपमधून खानापूरचे डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला. गाय वाचली, वासरू गेलं.

मामा नंतर म्हणाला, "मराठीत हाय म्हटल्यावर आपलंच वाटलं गं."

त्या वाक्यानं मला झोप लागेना. ही चूक फक्त आमच्याच भागातली माणसं करू शकतात. पुण्याच्या माणसाला मराठीत उत्तर मिळालं तर ते त्याच्या राज्याचंच असतं. आमच्याकडं भाषा एका राज्याची आणि सरकार दुसऱ्याचं, आणि भाषेवर जीव असलेला माणूस त्या भाषेतल्या कुठल्याही ओळीवर विश्वास ठेवतो. त्या विश्वासावर कुणीतरी जाहिराती विकत होतं.

आम्ही तिघं कामाला लागलो. मी, वडगावच्या विणकर घरातली माझी मैत्रीण, आणि कॉम्प्युटरचं शिकायला निपाणीहून आलेला आमचा मित्र. अनगोळमध्ये आप्पांच्या पिढीनं उभारलेलं एक वाचनालय आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर आसपासच्या खेड्यांतली मुलंमुली परीक्षांचा अभ्यास करतात. मित्रानं त्या कॉम्प्युटरांच्या ब्राउझरमध्ये एक सोय बसवली. साइटींची एक यादी करायची, आणि शोधाच्या निकालात त्या यादीतलं काही आलं की ते झाकलं जायचं. साइट बंद होत नाही, पुसली जात नाही. तळाला एक ओळ येते, की काही निकाल झाकले आहेत, बघायचे असतील तर इथं दाबा. ती ओळ हवीच म्हणून मी हटून बसले होते. पाखडणं वेगळं आणि पुरून टाकणं वेगळं.

कसोटी आप्पांचीच वापरली. पान कुणाचं, कधीचं, कुठल्या राज्याचं. हे कुठंच सापडलं नाही तर यादीत. पण तिघांपैकी दोघांचं एकमत झाल्याशिवाय काही झाकायचं नाही. त्यावरून आमची रोज जुंपायची.

"ह्यात पाककृती बरोबर हाय की," मैत्रीण म्हणायची.

"कोण करालंय ती पाककृती?" मी.

"खाणार हाईस का चौकशी करणार हाईस?"

हसत हसत काम होत होतं आणि चांगलं होत होतं. खोट्या भरतीच्या जाहिराती गेल्या. यंत्रानं भाषांतर केलेली पानं गेली. कंग्राळीची एक मुलगी एके दिवशी म्हणाली, "आक्का, हितल्या कॉम्प्युटरला काय केलासा? विचारलं की सरळ उत्तर यालंय." एवढ्या एका वाक्यावर आम्ही तिघं आठवडाभर उडत होतो.

मग यादीसाठी एक 'आपली' साइट समोर आली.

सीमाभागाच्या बातम्या देणारी, भगव्या अक्षरांची, मराठीसाठीच्या आमच्या चळवळीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरणारी. वाचनालयाच्या अध्यक्षांच्या मोबाइलवर तर सकाळ तिच्यानंच व्हायची. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आप्पांच्या बरोबरीनं मोर्चात चाललेला, लाठ्या खाल्लेला माणूस. त्या साइटीच्या तळाला मात्र कुणाचंही नाव नव्हतं. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि ती झाकली.

दोन दिवसांत अण्णांचा निरोप आला. एक तर ती साइट यादीतून काढा, नाहीतर यादीच कॉम्प्युटरवरून काढा. शनिवारी दुपारी वाचनालयात बसू, तुझ्या आप्पांनाही घेऊन ये.

आप्पांना मी वाटेत सगळं सांगितलं. यादी गेली असती तर वाचनालयातली सगळी मुलं पुन्हा त्याच उकिरड्यावर गेली असती. आणि एक साइट आपली म्हणून सोडली असती, तर यादीला अर्थच उरला नसता. अण्णांशी आप्पांची किती जुनी दोस्ती आहे, तेही मला माहीत होतं.

अण्णा खुर्चीत बसूनच होते. "ये गड्या," ते आप्पांना म्हणाले. "तुझी पोरगी मराठीवर बंदी घालालीय. जे कुणाला जमलं न्हाय ते हिनं घरात बसून केलं."

"बंदी न्हाय अण्णा," मी म्हणाले. "खालची ओळ दाबली की दिसतंय."

"झाकायचं तरी कशाला? आपल्या बाजूचं हाय ते."

आप्पा म्हणाले, "लाव बघू."

मी साइट उघडली. आप्पांनी उंदीर हातात धरला, माउसला ते उंदीरच म्हणतात, आणि थेट तळाला गेले. नाव नव्हतं. मग सावकाश वर येऊ लागले आणि मध्येच थांबले. पडद्यावर त्यांचंच एक पत्रक होतं. मराठी कागदपत्रांच्या मागणीचं. शब्द न् शब्द ओळखीचा, मीच लहानपणी घरोघर वाटलेला. शेवटची, त्यांच्या नावाची ओळ तेवढी कापलेली. आणि तिच्या जागी कन्नड शेजाऱ्यांबद्दल एक घाणेरडं वाक्य जोडलेलं.

आप्पांनी ते वाक्य बोट ठेवून पुन्हा वाचलं. फौंड्रीत त्यांच्या शेजारच्या भट्टीवर काम करणारा माणूस कन्नड आहे. दोघं एकमेकांच्या डब्यातलं खातात.

"अण्णा, ह्यो मजकूर माझा. हे वाक्य माझं न्हाय."

अण्णांनी चष्मा लावून वाचलं. "विचार तर पसरालाय की तुझा. नावाचं काय एवढं? तूच म्हणतोस न्हवं, मी मी करू ने."

"मोठेपणासाठी लिवत न्हवतो नाव. शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून लिवत होतो." आप्पांचा आवाज चढला नव्हता. "कोण चालवतंय ही साइट?"

"असतील आपलीच पोरं."

"कुठली?"

इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ पुढं पाठवलेल्या त्या बातम्या कोण लिहितं, ते अण्णांनाही ठाऊक नव्हतं. पण एवढ्यावर हरणारा तो माणूस नव्हे. माझ्याकडं वळून म्हणाले, "बरं. आणि तुमच्या ह्या यादीच्या तळाला कुणाचं नाव हाय गं?"

यादीच्या पानाच्या तळाला लिहिलेलं होतं, 'आम्ही वाचक'.

तसं आम्ही ठरवूनच केलं होतं. मित्राला धमक्यांची काळजी होती. मैत्रिणीच्या घरच्या साड्या सगळ्या जातीभाषेचे व्यापारी घेतात, कुणी रुसायला नको होतं. मी मुलगी, नाव दिसलं की कसले फोन येतात ते मला माहीत होतं. कारणं खरी होती. मी आप्पांकडं बघितलं. ते माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. पण त्यांनी घेतली नाही. 'दुसऱ्याच कुणाला तरी उचललं असतं की' म्हणताना होता, तोच चेहरा.

मी खुर्ची पुढं ओढली, 'आम्ही वाचक' पुसलं आणि माझं नाव लिहिलं. आडनावासकट. पुढं गल्ली, अनगोळ. मग माझा फोन नंबर. लिहून झाल्यावर असं वाटलं की मी आज खऱ्या अर्थानं आप्पांच्या घरची झाले.

"सरक की बाजूला," मैत्रीण म्हणाली आणि तिनं तिचं लिहिलं.

मित्र उभाच होता. "घरात कळलं तर लई बोलणी बसतील."

"निपाणीचा हाईस न्हवं?" अण्णाच म्हणाले. "मग लिव की. तंबाखूच्या आंदोलनात तुमच्या गावच्या बायका नावं सांगून रस्त्यावर बसल्या होत्या."

त्यानंही लिहिलं. अण्णा उठले, पडद्याजवळ आले, तिन्ही नावं वाचली, मग वर यादी वाचली. खालून वर, आप्पांसारखीच. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कॉम्प्युटरवर यादी ऱ्हाऊ दे. माझ्या मोबाइलवर मात्र मला पायजे ते मी बघणार."

"बघा की अण्णा," मी म्हणाले. "पर आधी तळाला बघा."

"मला शिकवू नको गं," ते म्हणाले, आणि आप्पांच्या खांद्यावर हात टाकून चहाला गेले. ती साइट अजून यादीत आहे. नाव घातलं की काढू, असं आम्ही तिथं लिहून ठेवलंय. अजून कुणी घातलेलं नाही.

फोन आले. घाण फोनही आले. मी ते ऐकून ठेवून दिले. आणि भातलावणीच्या आधी एक फोन खानापूरकडच्या एका बाईचा आला.

"तुमीच न्हवं पानं झाकणाऱ्या? माझं पान झाकलंय म्हणं. भातावर लिवते मी."

आम्ही उघडून बघितलं. चिखलातल्या पायांचे तिनं स्वतः काढलेले फोटो, कुठल्या वाफ्यात कुठलं बी टिकलं त्याचा अनुभव, सगळं अस्सल. फक्त नाव नव्हतं, म्हणून आम्ही झाकलं होतं.

"आक्का, नाव का न्हाय घातलं?"

"नाव कशाला? सगळं गाव वळखतंय की मला."

मी हसले, मग तिला म्हणाले, गावाबाहेरचेही वाचतात, त्यांच्यासाठी घाला. आमच्या यादीखाली नाव नसतं तर तिनं फोन कुणाला केला असता, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तिनं त्याच दिवशी नाव घातलं, गाव घातलं, कर्नाटक असंही लिहिलं, आणि आम्ही पान मोकळं केलं.

जांबोटीच्या मामाला मी ते पाठवलं. रात्री जेवणं झाल्यावर आप्पांनाही दाखवलं. त्यांनी बोटानं सरकवत थेट तळ गाठला, तिथलं नाव मोठ्यानं वाचलं, आणि मग वर जाऊन पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.