रिकाम्या गावाचं प्रकरण

ट्रंक उघडली तेव्हा कादंबरीच्या जागी माती होती. तीन वर्षांचं लिखाण वाळवीनं आतून खाल्लं होतं. वरचा पुठ्ठा तेवढा शाबूत. मास्तरांनी तो उचलला आणि खालून चुरा सांडला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "झाडून घ्या, शेवंताबाई. आता मी काही लिहिणार नाही."

मी झाडून घेतलं.

बेगमपुऱ्यात त्यांच्याकडं मी स्वयंपाकाला होते. सकाळची शाळा करून मास्तर घरी यायचे, लिहायचे आणि लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं माझं मत कुणी विचारत नव्हतं. मास्तरही नाही. मी सुपात डाळ घेऊन निवडत बसायची आणि वाचताना ते माझ्या हातांकडं बघायचे. हात चालत राहिले की पानावर काट. थांबले की एकदम, "हात थांबला!" ते पान राहायचं.

त्यांची बायको वैतागायची. "अहो, त्यांना डाळ निवडू द्या. काल वरणात खडा लागला."

"म्हणजे प्रकरण चांगलं उतरलंय बरं का," मास्तर म्हणायचे.

दुपारी गल्ली गप्प असायची. त्यांचा आवाज सुरू झाला की भिंतीवरचं ऊन पाण्यासारखं हलायला लागायचं. मी जागीच असायची, पण त्या घरात नसायची.

लिहिणाऱ्या माणसानं लिहिणं सोडलं की कसं होतं, तुम्ही पाहिलं असेल. मास्तर जेवायचे, पण काय जेवलो ते त्यांना सांगता आलं नसतं. दौत सुकली. महिना गेला. मला ते बघवेना, म्हणून आठवतील ती पानं मी सांगायला लागले.

"ते जत्रेचं लिहा की परत."

"गेलं ते."

"म्हाताऱ्याचं?"

"तेही गेलं. राहू द्या, बाई."

"अन् रिकाम्या गावाचं?"

"कुठलं?"

मी डाळीकडं बघत सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या आधीची धामधूम, रझाकारांची भीती. गाव गाड्या जुंपून निघून जातं. नऊ वर्षांची एक पोर मागं राहते. आईला वाटतं आत्याच्या गाडीत आहे, आत्याला वाटतं आईच्या. पोर घराघरांत जाते. चुलींतले विस्तव विझवते, उघडी मडकी झाकते, गुरांची दावी सोडते. पाटलांच्या झोपाळ्याला एरवी कुणी हात लावू देत नसे. त्यावर ती तहान लागेपर्यंत झोके घेते. कोंबड्या मागं मागं फिरतात. सांजेला वाऱ्यानं सगळी दारं हलायला लागतात. तेव्हा ती एकेका दारापुढं उभी राहून त्या घरच्या माणसांना नावानं हाका मारते.

मास्तर उठून बसले होते. "हे मी कधी वाचलं तुम्हाला?"

"वाचलं म्हणून तर ठावं हाय. तुमचंच हाय."

मग विचारलं, "कोंबड्या किती होत्या?"

"सात," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

मास्तरांनी लगेच दौतीत पाणी घालायला सांगितलं.

कादंबरी निघाली. पहिलीपेक्षा बारीक झाली, पण निघाली. पुढं आणखी दोन लिहिल्या. ते प्रकरण कुठून सुचलं असं कुणी विचारलं की मास्तर म्हणायचे, "वाळवीला विचारा." माझ्याकडं बघायचे नाहीत. मला कीव केलेली खपत नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

मास्तर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. परवा कॉलेजातली एक बाई पुस्तक घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, "आजी, केवढी ही कल्पना! असं कुणी प्रत्यक्षात जगलं असेल का हो?"

मी तिला चहा दिला. तिला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते. ते गाव देवगाव रंगारीच्या अलीकडचं. दोन दिवस तिथं एकटी राहिलेली पोर मीच.