पाचव्या महिन्याची सोनोग्राफी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बरोबरच्या एकाही सिस्टरला नाही. तुम्हाला सांगते — पण मधेच ‘जाऊ द्या, गर्दीत होतं असं’ म्हणू नका. गर्दीनं काही केलं नाही. मी केलं.

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात मी सोनोग्राफीचे नंबर लावते. आज कोण, उद्या कोण — माझ्या हातात. आणि मी चपला बघायचे. चांगल्या चपलेच्या बाईला बसवून सगळं समजावून सांगायचे. झिजलेल्या चपलेची बाई ‘सगळं ठीक हाय’ एवढ्यावर जाते. तिला कोण विचारतं?

फरजाना रेणापूरची. ब्लाउज शिवायची. पहिलटकरीण. डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहून दिलं होतं — पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, बाळाचे अवयव तपासायचे. दुपारचा शेवटचा नंबर तिचा. तेवढ्यात एका प्राध्यापकाची बायको आली. तिची हीच तपासणी आधी झालेली — तिला बाळाचा चेहरा पुन्हा एकदा बघायचा होता.

फरजानाचा नंबर मी तिला दिला आणि फरजानाला सांगितलं, मशीन बिघडली.

“मग उद्या येऊ का, ताई?”

“कशाला हेलपाटे घालतीस? तुला गरज न्हाई. तब्येत चांगली हाय तुझी.”

तिनं विश्वास ठेवला. रजिस्टरात मी लिहिलं — पेशंट आली नाही.

फरजानाची मुलगी तालुक्याच्या दवाखान्यात जन्मली. पाठीच्या कण्यावर उघडी गाठ. लातूरला आणेपर्यंत दोन दिवस गेले, जखमेतून जंतू मेंदूपर्यंत गेले, ताप चढला. पोरगी वाचली. पाय अधू होतेच — त्या तापात कानही गेले.

गेल्या वर्षी फरजाना तिला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“सासू म्हणते, शिलाई मशिनीवर पाय मारत बसली म्हणून पोरीचं असं झालं. खरं सांगा ताई, त्या टायमाला सोनोग्राफी केली असती तर कळलं असतं का? कळलं असतं तरी मी हिला ठेवलीच असती. पण बाळंतपणाला इथं मोठ्या दवाखान्यात आले असते की.”

तेव्हा तरी मला खरं सांगता आलं असतं. नाही का?

“न्हाई,” मी म्हणाले. “त्यात दिसलं नसतं.”

“मग माझंच चुकलं असंल,” म्हणाली, आणि पोरीला सावरत गेली.

पहिलं खोटं घाईत सुचलं. दुसरं मी विचार करून बोलले — नोकरीसाठी. नोकरी टिकली. फरजाना घरात अजून ऐकून घेते.

तिच्याकडे जायला तोंड नाही, असलं काही मी म्हणणार नाही. तोंड होतं मला. दोनदा उघडलं, दोनदा खोटं बोलले. ती गाठ दिसली असती — स्पष्ट दिसली असती.