रोवणीचा हात

किमोच्या खोलीतल्या सिस्टर सुई टोचण्याआधी विचारत, "बाई, धानाची रोवणी झाली का?" बोलण्याच्या नादात हात सैल पडे आणि सुई आत गेलेली असे.

मी आईला कुरखेड्याहून चंद्रपूरला न्यायचो. तिथे सिस्टर एकट्याच. दुपारनंतर उरलेल्यांना पुढची तारीख मिळे. आम्हीही दोनदा तसेच परतलो. मग त्यांनी तीन नव्या मुलींना वर्षभर रागावून रागावून शिकवलं.

परवा आईचा हात धरून त्यांतली एक थबकली. सिस्टरनी आपले हात पाठीमागे बांधले.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यली? रोवणीचा हात आहे. विचार तिले."

"बाई, रोवणी झाली का?"

आई सांगू लागली. पहिल्याच सुईत शीर लागली.

त्या दिवशी कोणीच परत गेलं नाही. सिस्टरना खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.