दुसऱ्या भागाचा नारळ
आज ऑफिसात फोडलेला नारळ खवट निघाला आणि त्या वासाने मला बरोबर अंधेरीतल्या याच खोलीतली एक जुनी दुपार आठवली. आमचा पहिला व्हिडिओ गेम झकास चालला होता, म्हणून दुसऱ्या भागाच्या मुहूर्ताला आमच्या मालवणी प्रोग्रामरने सर्व्हरवर नारळ ठेवला. गेम बाजारात येईल त्या दिवशी तो फोडायचा होता. गेम दिवाळीला येणार होता; अशा तीन दिवाळ्या गेल्या. गावाहून त्याचे वडील फोन करून विचारायचे, "तुझो खेळ इलो काय रे?" म्हाताऱ्याला मुलाचं नाव एकदा पडद्यावर बघायचं होतं. मग त्या दुपारी वांद्र्याच्या मुख्य ऑफिसातून नवे साहेब रुजू झाले, त्यांनी गेम पाहिला आणि हसत म्हणाले, "छान आहे, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून करूया ना!" प्रोग्रामर उठला, नारळ कानाशी धरून हलवला, पाणी काही वाजेना. त्याने तो साहेबांच्या केबिनच्या दारातच फाडकन फोडला आणि पहिला खवट तुकडा अदबीने त्यांच्या हातावर ठेवला. प्रसादाला नाही कोण म्हणणार? साहेबांनी डोळे मिटून तो गिळला, मग आम्हीही गिळला. प्रोग्रामरने तिथूनच वडिलांना फोन लावला, "बाबा, खेळ काय येवचो नाय, मीच येतंय." तो गेल्यावर सर्व्हरवर दुसरा नारळ मी ठेवला होता. आज मीही वाट बघणं सोडून फोडला तो हाच, आणि गेम अजून आलेला नाही.