डिंकाच्या लाडवांचा घोर

मखमलाबादच्या सरुबाईंचा हात झेंडू तोडण्यात जितका चपळ, तितकाच डिंकाचे लाडू वळण्यात. सुनेला, रूपालीला, आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. गरोदरपणात वाढलेली तिची साखर लेकीच्या, आरोहीच्या, जन्मानंतर उतरली होती. मग सरुबाई कशाला हात आखडतात! सव्वा महिना त्यांनी सुनेला आग्रह करकरून लाडू खाऊ घातले.

तीन वर्षांनी गावातली आशा सेविका छाया दारात आली. "गरोदरपणात साखर वाढलेल्या बायांना पुढं मधुमेह गाठू शकतो. तपासत राहावं लागतं," ती म्हणाली. सरुबाईंना आधी आठवला तो लाडवांचा डबा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला चहाचा घोटही घेऊ दिला नाही, तशीच उपाशी सरकारी दवाखान्यात नेली. रक्त घेऊन झालं आणि सिस्टरने ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास रूपालीपुढे धरला. सरुबाईंनी तो झडप घालून हिसकावला.

"साखर तपासायला आणली हिला, आन् तुम्ही साखरच पाजता व्हय?"

"आजी, एवढी साखर तिच्या अंगाला पेलते का, तेच दोन तासांनी बघायचंय," सिस्टर हसून म्हणाली.

ग्लास परत केला, पण पुढचे दोन तास सरुबाईंनी सुनेला बाकावरून हलू दिलं नाही. एरवी तिला घटकाभर बसलेली बघून त्यांचंच तोंड सुटायचं. ते आठवून आज त्यांना फार वाईट वाटलं.

दुपारी सिस्टरने सांगितलं, "मधुमेह झालेला नाही, पण साखर काठावर आहे. गोड कमी करा, रोज चाला आणि दरवर्षी तपासायला या."

रूपाली बाहेर पाणी प्यायला गेली, तशा सरुबाई सिस्टरजवळ सरकल्या. "बाई, खरं सांगा. बाळंतपणात मी लय लाडू चारले हिला. माझ्यामुळं तर नाय ना झालं?"

"नाही हो, आजी. गरोदरपणात वाढली की पुढे धोका राहतोच. तुम्ही तिला वेळेवर आणलंत, हे फार चांगलं केलंत."

सरुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मंग दरसाल आणीन. दसऱ्याचा झेंडू उरकला की दुसऱ्याच दिवशी."

दाराशी परतलेल्या रूपालीने सगळं ऐकलं होतं. दोघी बसथांब्यावर आल्या. बस दिसली तेव्हा तिने सासूचा हात धरला.

"आई, ते लाडू खाताना मला माहेरी असल्यासारखं वाटायचं."

सरुबाईंना रडू आवरेना. ती बस तशीच निघून गेली.